तीन हॉर्नचा लांडगा

शनिवार, १८ जानेवारी १९५८. न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल मुलांनी आणि त्यांना घेऊन आलेल्या मोठ्या माणसांनी भरलेलं आहे. सीबीएस वाहिनीचे कॅमेरे सुरू आहेत. एकोणचाळीस वर्षांचे लेनर्ड बर्नस्टाइन मंचावर येतात आणि स्वागत-प्रास्ताविकाच्या भानगडीत न पडता थेट वाजवायलाच घेतात. समोर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, आणि धून रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या नांदीतली. आधी ट्रंपेटची ललकारी, मग तंतुवाद्यांची घोडदौड. थोडं वाजवून ते मुलांकडे वळतात आणि विचारतात, हे संगीत कशाबद्दल आहे?

मुलांना उत्तर पाठच असतं. ‘लोन रेंजर’ या मुखवटेवाल्या घोडेस्वाराच्या मालिकेची ती शीर्षकधून. आधी रेडिओवर, मग दूरचित्रवाणीवर तिने एक पिढी वेडी केली होती. बर्नस्टाइन त्यांचा हिरमोड करतात. या संगीताचा लोन रेंजरशी काडीचा संबंध नाही. विल्यम टेलच्या गोष्टीशी आहे म्हणावं, तर तसंही नाही. संगीत असतं ते स्वरांबद्दल.

आपल्याकडे हाच प्रयोग करायचा तर मोझार्टची २५वी सिंफनी लावावी. चाळिशी ओलांडलेला कुणीही पहिल्या काही सेकंदांत सांगेल, ‘टायटन घड्याळाची जाहिरात!’ ४०वी सिंफनी लावली, तर जुन्या गाण्यांचा शौकीन सलील चौधरींच्या ‘छाया’ (१९६१) चित्रपटातल्या तलत-लता द्वंद्वगीतावर बोट ठेवेल. यात कमीपणा काही नाही. उलट मराठी घरातला कान या संगीताला वाटतो तितका अनोळखी नाही, याचाच तो पुरावा. पण धून ओळखली की कानाचं काम संपतं, ही खरी अडचण. घड्याळ आठवलं की सतरा वर्षांच्या मोझार्टने पुढे काय केलं, ते कोण ऐकतो?

मुलांना सिंफनी ऑर्केस्ट्राची ओळख करून देण्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या एका अडचणीवर शोधलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. कुणी मुलांच्या हातात गोष्ट दिली, कुणी ती काढून घेतली, कुणी मुलांनाच वाजवायला आणि गायला लावलं. यातली जी उत्तरं टिकली, त्यांत एक गोष्ट समान दिसते. त्यांनी मुलांच्या करमणुकीची काळजी कमी केली आणि मुलांच्या कानाला काम जास्त दिलं.

वह्या, स्लाइड आणि बक्षिसं

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या मुलांच्या मैफली बर्नस्टाइनच्या कितीतरी आधीच्या. १९२४ मध्ये पियानोवादक आणि संगीतकार अर्नेस्ट शेलिंग यांनी त्यांना पक्कं रूप दिलं. शेलिंग वाद्यांची एकेक करून ओळख करून देत, काचेच्या रंगवलेल्या स्लाइड मॅजिक लँटर्नने पडद्यावर दाखवत. मुलांना वह्या दिलेल्या असत. काय ऐकलं ते त्यांत लिहायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि चांगल्या वहीला बक्षीस मिळवायचं. आज ही शाळकरी पद्धत वाटेल. पण घरी जाऊन वहीत काही लिहायचं आहे हे ठाऊक असलेलं मूल मैफलीत वेगळ्या तऱ्हेने ऐकतं, हे शेलिंगना उमगलं होतं.

लंडनमध्ये हीच गोष्ट वर्षभर आधी सुरू झाली होती. रॉबर्ट मेयर हा जर्मनीत जन्मलेला व्यापारी आणि त्याची गायिका पत्नी डोरोथी मोल्टन यांनी न्यूयॉर्कला वॉल्टर डॅमरॉश यांच्या मुलांच्या मैफली पाहिल्या होत्या. १९२३ मध्ये त्यांनी वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये स्वतःच्या खर्चाने तशा मैफली सुरू केल्या. कंडक्टर होते एड्रियन बोल्ट. पुढच्याच वर्षी ती जबाबदारी माल्कम सार्जंट यांच्याकडे आली. मेयर १०५ वर्षं जगले, त्यामुळे पहिल्या मैफलीला आलेल्या मुलांची नातवंडंही त्यांना बघायला मिळाली असणार.

पंधरा वर्षांची संचालिका

गोष्टीची वाट काढली ती मॉस्कोने. ती काढणारी बाई स्वतःच एका कादंबरीची नायिका शोभेल अशी.

नताल्या सात्स संगीतकार इल्या सात्स यांची मुलगी. क्रांतीनंतर, १९१८ मध्ये, मॉस्कोत मुलांसाठी नाट्यगृह उभं करण्याचं काम या पंधरा वर्षांच्या मुलीकडे आलं. १९३५ मध्ये त्यांच्या नाट्यगृहात एक प्रेक्षक आपल्या दोन मुलांना घेऊन येऊ लागला. तो होता सर्गेई प्रोकोफिएव्ह. बरीच वर्षं परदेशात काढून तो नुकता मायदेशी परतत होता. सात्सबाईंनी संधी साधली. मुलांना वाद्यांची ओळख होईल अशी एक सांगीतिक गोष्ट लिहून द्या, असा आग्रह त्यांनी १९३६ च्या सुरुवातीला धरला.

आधी एका कवयित्रीकडून पद्यसंहिता करून घेतली होती. प्रोकोफिएव्हला ती आवडली नाही. यमकांच्या गर्दीत संगीताला श्वास घ्यायला जागा राहत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याने स्वतःच साध्या गद्यात गोष्ट लिहिली, संगीताचा पियानोवरचा आराखडा काही दिवसांत पुरा केला आणि एप्रिल संपायच्या आत वाद्यमेळही बांधला. २ मे १९३६ रोजी ‘पीटर आणि लांडगा’ पहिल्यांदा वाजलं. त्या दिवशी सात्स आजारी होत्या, निवेदन दुसऱ्याच कुणी केलं आणि प्रयोग थंड गेला. पुढे काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

सात्सबाईंचं पुढे काय झालं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. स्टालिनच्या शुद्धीकरणात त्यांचे पतीही, सोव्हिएत सरकारचे व्यापारमंत्री, मारले गेले आणि ‘देशद्रोह्याची बायको’ हा सात्सबाईंचा गुन्हा ठरला. पाच वर्षं तुरुंगात आणि छावणीत काढल्यावर मॉस्कोला परतायची मुभा नव्हती. तेव्हा त्यांनी कझाकस्तानातल्या अल्मा-आतामध्ये मुलांचं नाट्यगृह काढलं! पुढे १९६५ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी मॉस्कोत मुलांसाठी व्यावसायिक संगीत नाट्यगृह उभं केलं. मुलांसाठी दर्जा उतरवायचा नाही, हा त्यांचा हट्ट अखेरपर्यंत सुटला नाही.

बदक कुठे आहे?

‘पीटर आणि लांडगा’ची युक्ती वरवर सोपी आहे. प्रत्येक पात्राला एक वाद्य आणि एक धून. पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे खालच्या पट्टीतलं क्लॅरिनेट, कुरकुरणारे आजोबा म्हणजे बासून. पीटर म्हणजे तंतुवाद्यं. शिकाऱ्यांच्या बंदुका टिंपनी आणि बास ड्रमवर वाजतात. आणि लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न.

तीनच का? चांगला निवेदक इथे थांबतो आणि मुलांना ते शोधू देतो. आधी एका वादकाला आपली ओळ एकट्याने वाजवायला सांगावं. हॉर्नचा आवाज मुळात गोल, मऊ, काहीसा उदास. एकटा हॉर्न ऐकून कुणी घाबरत नाही. मग दुसरा जोडावा, मग तिसरा. तीन स्वर एकमेकांना चिकटून गडद सुरावट तयार होते आणि अंगावर काटा येतो. लांडगा एका वाद्यात राहत नाही, तो तीन वाद्यांच्या मधल्या जागेत राहतो. स्वरसंवाद, म्हणजे ज्याला पाश्चात्त्य संगीतात हार्मनी म्हणतात, तो समजावणारी याहून सोपी वाट मला माहीत नाही. रागसंगीतात वाढलेल्या कानाला तर ती फारच उपयोगी. आपण सुरांची वाटचाल ऐकायला शिकतो, एकाच वेळी उभी राहिलेली सुरांची चळत ऐकायला नाही.

गोष्टीच्या मध्यावर लांडगा बदकाला गिळतो. शेवटी पकडलेल्या लांडग्याची मिरवणूक निघते, सगळ्या धुना एकामागून एक येतात आणि त्या गलक्यात खालून कुठून तरी ओबो वाजतो. निवेदक सांगतो, नीट ऐकलंत तर लांडग्याच्या पोटातलं बदक ऐकू येईल. घाईघाईत त्याला जिवंतच गिळलं होतं ना!

या एका जागी प्रोकोफिएव्ह निव्वळ गोष्ट सांगणाऱ्यांच्या पुढे निघून जातो. वीस मिनिटं ज्याने ओबोचा आवाज मनात धरून ठेवला आहे, त्याला निवेदकाच्या आधीच बातमी कळते. गोष्ट इथे कानातून उलगडते, शब्द मागून येतात. मुलांसाठीची शेकडो अनुकरणं पुढे निघाली आणि विरून गेली, कारण त्यांत पात्रांना वाद्यं होती, पण ऐकणाऱ्यावर अशी जबाबदारी टाकलेली नव्हती.

या कृतीला निवेदकही नाना तऱ्हेचे लाभले. एलिनॉर रूझवेल्ट यांच्यापासून रॉक गायक डेव्हिड बोवीपर्यंत. व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमन यांच्या निवेदनाच्या ध्वनिमुद्रणात इस्रायल फिलहार्मोनिकसमोर उभे आहेत मुंबईचे झुबिन मेहता.

सुपरमॅन आणि मेंढ्या

आता पुन्हा कार्नेगी हॉल. गोष्टीला नकार द्यायचा तर तो सिद्ध करायला हवा, आणि बर्नस्टाइननी तो गोष्ट सांगूनच सिद्ध केला. त्यांनी मुलांना सुपरमॅनची एक हकिकत ऐकवली. निरपराध मित्र तुरुंगात अडकला आहे, रात्रीची वेळ, कैदी घोरत पडले आहेत आणि सुपरमॅन त्याला सोडवायला येतो. मग ऑर्केस्ट्रा वाजला. सगळं तंतोतंत जुळलं. घोरणंसुद्धा ऐकू आलं. मुलं खूश. तेव्हा बर्नस्टाइननी सांगितलं की हे संगीत रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन किहोटे’ मधलं आहे आणि मघाशी जे घोरणं वाटलं, तो मेंढ्यांचा कळप आहे. खुळा सरदार त्याला शत्रूची फौज समजून चाल करून जातो. पुन्हा तेच वाजवलं. पुन्हा सगळं जुळलं!

एकच आवाज, दोन गोष्टी, दोन्ही चपखल. मग संगीताचा अर्थ गोष्टीत कसा असेल? सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर सौंदर्यशास्त्रातला एक जुना वाद त्यांनी दहा मिनिटांत मांडून दाखवला.

१९५८ ते १९७२ या काळात असे ५३ कार्यक्रम झाले. संहिता बर्नस्टाइन स्वतः लिहीत, निर्मिती-दिग्दर्शन रॉजर इंग्लंडर यांचं. विषयांची यादी पाहिली तर संगीत महाविद्यालयाचा अभ्यासक्रम वाटेल: सुरावट म्हणजे काय, वाद्यमेळ कसा बांधतात, संगीतातला विनोद, सोनाटाची बांधणी. सोनाटा समजावताना त्यांनी बीटल्सचं एक गाणं स्वतः गाऊन दाखवलं, कारण त्या गाण्याचं मुखडा-मधला भाग-पुन्हा मुखडा हे रूप मुलांच्या अंगवळणी पडलेलं होतं. १९६८ मध्ये तर अख्खा कार्यक्रम प्रश्नमंजूषेचा केला आणि ज्याचे गुण त्याने मोजायचे. ध्वनिचित्रमुद्रणांत कॅमेरा मधूनमधून मुलांवर जातो. काहींचे डोळे विस्फारलेले असतात, काही सरळ जांभया देत असतात. त्या जांभया संकलनात कापल्या नाहीत, हे मला फार आवडतं. प्रत्येक मूल प्रत्येक क्षणी भारावलेलंच असलं पाहिजे, असा दावा त्या कार्यक्रमांनी केला नाही.

या बैठकीत मराठी माणसाला काही ओळखीचंही सापडेल. कीर्तनकार अभंग घेतो, त्याचं निरूपण करतो, मध्येच थांबून समोरच्यांना प्रश्न टाकतो, एखादी ओळ त्यांच्याकडून म्हणवून घेतो आणि मग पूर्ण रंगून गातो. बर्नस्टाइन पियानोशी बसून हेच करत. कीर्तनकारासारखंच त्यांनाही ठाऊक होतं की निरूपण कितीही रसाळ असलं, तरी शेवटी गायला लागतं. प्रत्येक कार्यक्रमात मुलांना न तोडता, न समजावता, बरंच संगीत सलग ऐकावं लागे.

पुढे कोण येणार?

तिसरं उत्तर इंग्लंडचं, बेंजामिन ब्रिटनचं. दुसरं महायुद्ध संपताना तिथल्या सरकारच्या शिक्षण खात्याला शाळांमध्ये दाखवण्यासाठी वाद्यांवर माहितीपट हवा होता. ब्रिटननी त्यासाठी हेन्री पर्सेलची १६९५ मधल्या एका नाटकासाठी लिहिलेली धून घेतली आणि तिच्यावर तेरा रूपं व एक फ्यूग रचला. चित्रपटात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा होता, कंडक्टर तेच सार्जंट. मंचावर ही रचना ऑक्टोबर १९४६ मध्ये लिव्हरपूलला प्रथम वाजली. पंधरा-सतरा मिनिटांची ही कृती ‘तरुण श्रोत्यासाठी ऑर्केस्ट्राची वाटाडी’ अशा अर्थाच्या नावाने जगभर फिरते.

इथे पीटर नाही, लांडगा नाही. आधी पूर्ण वाद्यवृंद धून वाजवतो. मग तीच धून लाकडी फुंकवाद्यं, पितळी वाद्यं, तंतुवाद्यं आणि तालवाद्यं असे चार समूह आळीपाळीने वाजवतात. नंतर एकेक वाद्य स्वतःच्या स्वभावाप्रमाणे तिच्याशी खेळतं. फ्लूट आणि पिकोलो, ओबो, क्लॅरिनेट, बासून, मग व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बेस, हार्प, हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा, शेवटी तालवाद्यं. सगळे सुटे करून झाल्यावर ब्रिटन त्यांना फ्यूगमध्ये पुन्हा जोडतात. पिकोलो एकटाच एक नवी, अवखळ धून सुरू करतो आणि बाकीची वाद्यं तीच धून घेत एकेक करून आत शिरतात. कुठल्या क्रमाने? मघाच्याच.

म्हणजे ज्या मुलाने आधीचा क्रम लक्षात ठेवला आहे, त्याला पुढे कोण येणार हे आधीच सांगता येतं. ते खुर्चीतून सरसावून बसतं, डबल बेसच्या रांगेकडे बोट दाखवतं आणि बेस वाजायला लागतो. सगळे आत आल्यावर पितळी वाद्यांवर पर्सेलची मूळ धून संथपणे उगवते आणि तिच्याभोवती फ्यूगची पळापळ चालूच राहते. दोन धुना एकाच वेळी ऐकण्याची परीक्षा मूल तिला परीक्षा न म्हणता देऊन टाकतं.

श्रोत्यांचा सहभाग, सहभाग म्हणून आज कौटुंबिक मैफलींत जो गजर होतो, त्यात टाळ्या वाजवून घेणं, उभं राहून हात हलवणं, जादूगाराचा पोशाख घातलेला निवेदक असे प्रकार फार असतात. वाईट नाहीत, पण ते शरीराला गुंतवतात आणि कानाला मोकळं सोडतात. ब्रिटनच्या रचनेत मूल जागेवर बसूनच सहभागी होतं, कारण ते पुढचा अंदाज बांधतं. तो खरा ठरला तर आनंद, चुकला तर त्याहून मोठा.

प्रत्यक्ष गाऊन भाग घेणंही ब्रिटनना वर्ज्य नव्हतं. १९४९ च्या ‘चला, ऑपेरा करू या’ या प्रयोगात प्रेक्षकांना चार गाणी आहेत. कंडक्टर ती पूर्वार्धात बसवून घेतो आणि उत्तरार्धात खऱ्या ऑपेरात प्रेक्षक ती गातात. रात्रीच्या गाण्यात प्रेक्षकांचे चार गट पडतात आणि प्रत्येक गट एका पक्ष्याचा आवाज होतो. १९५८ च्या ‘नोआचा प्रलय’मध्ये पावसाचे पहिले थेंब वाजतात ते दोरीला टांगलेल्या चिनी मातीच्या कपांवर. ते वाजवतात मुलं, चमच्याने. प्रत्येक मुलाला त्याच्या वकुबाचं काम आहे, आणि ते काम चुकलं तर रचनेत खरोखर भोक पडतं.

हा धागा आज कार्नेगी हॉलच्या ‘लिंक अप’ या उपक्रमात दिसतो. शाळेतली मुलं वर्षभर रेकॉर्डर ही साधी बासरी आणि काही गाणी शिकतात आणि वर्षाअखेरीस प्रेक्षागृहातल्या आपल्या खुर्च्यांतून, मंचावरच्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतात. अमेरिकेतल्या आणि बाहेरच्या अनेक वाद्यवृंदांनी तो उचलला आहे. तिथे मैफल ही सहलीची दुपार राहत नाही. ती वर्षभराच्या कामाचा शेवटचा दिवस असते.

शांत बसा, पण का?

मुलांना या मैफलींना नेताना पालकांची पहिली धास्ती शिस्तीची. बोलायचं नाही, मधे टाळ्या नाहीत. दाद देत ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला हे फारच कडक वाटतं. तर मोझार्टची साक्ष काढू या. जुलै १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो आपल्या नव्या सिंफनीची हकिकत सांगतो. लोकांना आवडेल अशी एक जागा त्याने मुद्दाम पेरली होती, आणि संगीत चालू असतानाच तिथे टाळ्या पडल्या. शेवटचा भाग त्याने फक्त व्हायोलिनांवर हळू आवाजात सुरू केला. श्रोते एकमेकांना गप्प करू लागले, तेवढ्यात सगळा वाद्यवृंद कडाडला आणि टाळ्या उसळल्या. असं काही होणार याचा हिशेब त्याने आधीच केला होता. म्हणजे श्रोत्यांना खेळात ओढणं ही मुलांसाठी काढलेली आधुनिक सवलत नव्हे. हे संगीत जन्मलं, तेव्हा त्यात ते होतंच. चिडीचूप बसण्याचा नियम नंतरच्या काळातला. मुलांना शांतता शिकवायची ती शिष्टाचार म्हणून न शिकवता गरज म्हणून शिकवावी: ओबो ऐकायचा असेल तर गप्प बसावं लागेल.

दुसरी गोष्ट पालकांच्या लोभाची. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छोटासा शोधनिबंध आला. कॅलिफोर्नियातल्या ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंची सोनाटा दहा मिनिटं ऐकवली, तेव्हा आकारांसंबंधीच्या बुद्धिचाचणीत त्यांचे गुण थोडा वेळ वाढले. पंधरा मिनिटांत परिणाम ओसरला. प्रयोगात लहान मुलं नव्हतीच. तरी ‘मोझार्टने बाळ हुशार होतं’ अशी आवई उठली. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची सीडी देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. गर्भसंस्काराच्या सीड्यांचा खप पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नवल वाटणार नाही. मुलाला मैफलीला न्यायचं ते गणितात मार्क वाढावेत म्हणून असेल, तर शिकवणी स्वस्त पडते.

मुंबई, पणजी आणि एक प्रस्ताव

या संगीताचा आपल्या भूमीशी संबंध उपरा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलं स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकत आली. त्या शाळांत घडलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांचा कणा झाले. माजोर्डाच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ व आपले राग यांची मोट बांधणारा वाद्यवृंद गोन्साल्विसनी १९५८ मध्ये उभा करून पाहिला. पणजीत २००९ पासून ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ वंचित मुलांना वाद्यं शिकवतं आहे. व्हेनेझुएलात होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ या चळवळीची प्रेरणा त्यामागे आहे.

मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. त्यांच्या तालमींच्या आवाजात झुबिन वाढले आणि पुढे १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षं बर्नस्टाइनच्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. त्याहून आपल्या विषयाच्या जवळचं काम मात्र वडिलांचं. अमेरिकेत गेल्यावर मेहलींनी १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला तरुण वादकांचा ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ उभा केला आणि नव्वदीला पोचेपर्यंत चालवला. मुंबईत त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान १९९५ पासून काम करतं.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. खुश्रू सनटूक यांच्यासोबत तो उभारणारे मरात बिसेनगालियेव्ह हे कझाक व्हायोलिनवादक, आणि सुरुवातीचे कितीतरी वादक कझाकस्तानातून आलेले. ज्या देशात सात्सबाईंनी सक्तीच्या मुक्कामातही मुलांचं नाट्यगृह काढलं, तिथल्याच वादकांनी मुंबईचा वाद्यवृंद उभा करायला हात लावावा, हा निव्वळ योगायोग. पण सुरेख आहे. २०१२ पासून तिथे मुलांसाठी संगीत अकादमी चालते. आणि २०१५ मध्ये याच वाद्यवृंदासाठी झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो रचला. तबल्याचे बोल ओळखणाऱ्या मुलाला ऑर्केस्ट्राच्या दारातून आत न्यायला याहून चांगला हात कुठला?

म्हणजे वादक आहेत, सभागृह आहे, परंपरा आहे. अडतं ते भाषेशी आणि अंतराशी. डोंबिवलीच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला नरिमन पॉइंट लांब आहे, आणि तिथलं इंग्रजी निवेदन त्याहून लांब. इथे मराठीकडे एक वस्तू तयार आहे, जी फार थोड्या भाषांकडे असेल. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या छत्राखाली ‘लिटल थिएटर’ काढलं, रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं आणि तेव्हापासून मराठी बालरंगभूमीने मुलांशी मुलांच्या भाषेत, पण पोरकटपणा न करता बोलणारे नट-लेखक घडवले. सात्सबाई नाटकाच्या घरातूनच संगीताकडे आल्या होत्या. तीच वाट आपल्याला मोकळी आहे. गिरगावातला साहित्य संघ आणि नरिमन पॉइंट यांच्यात टॅक्सीची दहा-पंधरा मिनिटं आहेत.

खर्चाचा बाऊ करण्याचंही कारण नाही. ‘पीटर आणि लांडगा’ला शंभर वादक लागत नाहीत. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बासून एकेक, तीन हॉर्न, एक ट्रंपेट, एक ट्रॉम्बोन, तालवाद्यं आणि तंतुवाद्यांचा बेताचा ताफा. सात्सबाईंच्या नाट्यगृहात मावेल एवढंच प्रोकोफिएव्हने मागितलं होतं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथल्या नाट्यगृहांच्या मंचावरही हा ताफा मावेल. कार्यक्रम तासाभराचा, मध्यंतराविना. आधी अर्धा तास बाहेरच्या दालनात व्हायोलिनवर गज ओढून पाहायला आणि ट्रंपेटमध्ये गाल फुगवून फुंकायला मोकळीक. पूर्वार्धात वाद्यांचे प्रश्नोत्तरांचे खेळ, त्यात तीन हॉर्नचा प्रयोग हवाच. उत्तरार्धात गोष्ट, सलग.

निवेदनाची संहिता बालनाट्य लिहिणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी, भाषांतरकाराकडून नको. निवेदकही रंगमंचावरचा हवा, ज्याला थांबा घेता येतो. त्याला अट मात्र एकच घालावी लागेल: मिरवणुकीच्या शेवटी ओबो वाजेल तेव्हा बदक कुठे आहे हे त्याने सांगायचं नाही. मूळ संहितेत ते वाक्य असलं तरी गाळायचं. ते मुलांना ओरडून सांगू द्यायचं. आणि कुणीच ओरडलं नाही, तर पुढच्या प्रयोगाला ओबोला तालमीत जास्त वेळ द्यायचा.